बारा व्होल्ट

कुगावच्या काठावर पाणी इतकं मागं सरलेलं
की होडीपर्यंत चिखलातून जावं लागलं.
चपला हातात, टेस्टर खिशात,
डोक्यावर अशोक चौकातून आणलेला खोका :
एलईडी, सहा नग. पाच लावायचे, एक जादा.

मी इरबत्ती. यंत्रमागाच्या शेडमधला वायरमन.
शिडाची होडी पहिल्यांदाच बघत होतो.
बावीस फूट. मुंबईहून ट्रेलरवर आली तेव्हा
टेंभुर्णीला लोकांनी म्हणे विचारलं होतं,
वरात कुणाची?

मालक संगमेश बिराजदार.
चोवीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली,
आता इंजिनाचा आवाज स्वप्नातही नको
म्हणून वाऱ्यावर चालणारं घेतलं.
"ये बे, डोकं सांभाळ," म्हणाला,
तोवर माझं डोकं आपटलंच होतं.

केबिन म्हणजे काय,
दोन माणसांनी आळीपाळीनं गुडघे हलवायची जागा.
छताला जुने दिवे, पितळी टोप्यांचे.
काच आतून काळी, भोवतीचं लाकूड भाजून तपकिरी,
टोपीत मागच्या हंगामातल्या चिलटांचे पंख.
दहा-दहा वॉटचे. पाचही लावले
की रात्री दहाला बॅटरी मान टाकायची.

मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला :
पन्नासाचे दहा होतात,
म्हणजे रात्र पाचपट होते.
तो पुठ्ठ्याकडं बघत राहिला.
"पाचपट रात्रीचं मी करू काय बे?"

जुन्या बल्बाला दिशा नसते.
कुठूनही जोडा, पेटतो. गरीब स्वभाव.
एलईडी मानी. अधिक-उणे चुकलं
तर भांडत नाही, फुटत नाही,
नुसता गप्प बसतो,
माग विकले त्या वर्षापासून माझा धाकटा भाऊ बसतो तसा.
पहिले दोन गप्पच बसले.
काढले, फिरवले, पुन्हा लावले.

आणि केबिन एकदम पांढरी झाली.

मी कौतुकानं बघत होतो. शेडमध्ये
याच उजेडात तुटलेला धागा सापडतो,
लालातला चुकीचा लाल सापडतो.
इथं सापडलं ते वेगळंच :
गादीवरची बुरशी, खिडकीच्या रबरातली भेग,
स्टोव्हमागं बाईमाणसाची केसांची पिन,
आणि बिराजदारचा चेहरा.
काठावर तो पन्नाशीचा होता.
त्यानं हात आडवा धरला.
"बंद कर बे. ऑपरेशनला झोपवल्यागत वाटतंय."

"पिवळ्यातही मिळतात," मी म्हणालो,
"वॉर्म व्हाईट. गुरुवारी आणतो."

दिवे गेले. पाणी होडीच्या पोटाला
हळू चापट्या मारत होतं.
काठावर कुणीतरी जाळं झटकत होतं.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
बॅटरी उतरू लागली की मी उठायचो बंद करायला,
शैलजा म्हणायची, राहू दे, संपू दे.
बल्ब आधी तांबडा व्हायचा,
मग आत नुसता शेंदरी धागा उरायचा,
मग तोही नाही.
तिला तो धागाच बघायचा असायचा.
"तुझे हे दिवे संपताना दिसतात का बे?"

खोटं बोलता आलं असतं.
नाही म्हणालो. हे असतात, मग नसतात.
वर हेही सांगितलं की चांगल्या कंपनीचे
पंचवीस हजार तास टिकतात.
कशाला सांगितलं कोण जाणे.

गुरुवारी पिवळे बसवले. उजेड बरा होता.
त्यानं पैसे दिले, ठरल्यापेक्षा पन्नास जास्त,
आणि तो हिशेबाचा पुठ्ठा ठेवून घेतला.
जुने पाच बल्ब माझ्या खिशात
जेऊरपासून सोलापूरपर्यंत एसटीत किणकिणत आले.

रात्री त्यातला एक स्कूटरच्या उतरलेल्या बॅटरीला जोडला
आणि संपायची वाट बघत बसलो.
बायको कुशीवर वळून म्हणाली, झोपा की आता.
साडेअकरा झालेत.
अजून पिवळाच आहे.